निळ्या तुकड्यावरची गाठ

नदीकाठच्या एका गावात ठकूबाई नावाची एक बाई होती. शिवण अशी करायची की बघत राहावं, आणि बोलायची अशी की ऐकणाऱ्याने चार पावलं लांब उभं राहावं. तिच्या वाटेला सहसा कुणी जात नसे.

त्या गावात एकच मोठं मेज होतं. फार पूर्वी वादळात शिरीषाचं एक प्रचंड झाड पडलं, तेव्हा सगळ्या गावाने राबून त्याच्या फळ्या काढल्या आणि हे लांबलचक मेज बनवलं. ठेवायला जागा फक्त जहागीरदारांच्या अंगणात होती, म्हणून ते तिथे ठेवलं. आता दुसऱ्याची वस्तू बरीच वर्षं आपल्या अंगणात राहिली की ती आपलीच वाटू लागते. जहागीरदारांचंही तसंच झालं होतं.

जत्रेच्या दिवशी सारं गाव त्या मेजाभोवती जेवायला बसे. मेजावर अंथरायची चादर दरवर्षी ठकूबाई आपल्या घरच्या ओट्यावर बसून शिवायची. प्रत्येक घराने जुन्या कापडाचा एक तुकडा द्यायचा. कुणी धोतराचा सोगा देई, कुणी विटलेल्या लुगड्याचा काठ, कुणी लेकराचं आखूड झालेलं झबलं. ठकूबाई त्यावर वेली, मोर, कोयऱ्या भरायची आणि मग तुकड्याला तुकडा जोडायची. ज्याचा तुकडा चादरीत, त्याचं पान त्या तुकड्यावर मांडायचं. ज्याचा तुकडा नाही त्याला त्या दिवशी पानही नाही.

जोडायची पद्धत तिला आईने शिकवली होती. सुईच्या टोकाला बारीक आकडा. दोरा कापडाखाली धरायचा, वरून आकड्याने ओढून घ्यायचा, टाक्यात टाका अडकवत पुढे जायचं. सगळ्या चादरीला एकच दोरा. सुरुवात जहागीरदारांच्या मखमलीपासून, शेवट नदीकाठच्या शेवटच्या घराच्या तुकड्यावर, आणि गाठ तेवढी तिथेच. जेवणं झाली की ठकूबाई ती गाठ सोडून दोरा ओढायची. पोत्याचं तोंड उसवावं तशी चादर सरसर मोकळी व्हायची. मग जो तो आपला तुकडा खांद्यावर टाकून घरी जाई. चादर सुटली की जेवण संपलं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त जहागीरदारांना, कारण ते चांगले चेपून जेवत आणि सगळ्यांच्या आधी आत जाऊन आडवे होत. त्यांची मखमल नोकर घडी करून ठेवी.

नदीकाठचं ते शेवटचं घर हौसा नावाडणीचं. त्या वर्षी नदीला पूर आलेला असताना जहागीरदार पलीकडच्या काठावर अडकले. त्यांनी हौसाला हाका मारून होडी आणायला सांगितलं. हौसाने पाण्याकडे पाहिलं आणि अलीकडूनच ओरडून सांगितलं की आज होडी पाण्यात जाणार नाही, राजा असो की रंक. जहागीरदारांना झाडाखाली भिजत बसावं लागलं. गावात त्यावर हसूनहसून लोकांच्या पोटात दुखलं, आणि ते हसणं जहागीरदारांच्या कानावर गेलं.

जत्रा जवळ आली तसा त्यांचा कारभारी ठकूबाईच्या ओट्याशी येऊन उभा राहिला. नावाडणीचा तुकडा या वर्षी चादरीत दिसता कामा नये, असा निरोप होता. दिसला तर पुढच्या वर्षीपासून चादर शिवायचं काम दुसऱ्या कुणाकडे जाईल.

ठकूबाईला भीती वाटली नाही असं नाही. चादर म्हणजे तिच्या आईची आठवण होती, वर्षभराचा आनंद होता. पण हौसाने दिलेला तुकडा तिच्या मांडीवर होता. जुन्या शिडाचं निळं, जाडंभरडं कापड. त्यात सुई शिरता शिरेना, बोटं सोलून निघत होती. हे कापड काढायचं म्हणजे सगळं गाव जेवत असताना हौसाने आपल्या दारात एकटीने बसायचं, आणि तेही कशासाठी, तर तिने खरं ते सांगितलं म्हणून. ठकूबाईचा असा संताप झाला की तिने त्या निळ्यावर एक होडी भरायला घेतली. नेहमीपेक्षा मोठी, भडक पिवळ्या दोऱ्याची, लांबूनसुद्धा नजरेत भरेल अशी.

जत्रेच्या दिवशी चादर अंथरली गेली. मुदपाकखान्यात बुंदीच्या कढया उतरत होत्या, पानं अजून मांडायची होती. जहागीरदार मेजाभोवती फिरत फिरत शेवटच्या टोकाला आले आणि पिवळ्या होडीपाशी थांबले. हौसा तिथेच उभी होती, मान खाली न घालता.

"ठकूबाई, निरोप मिळाला नव्हता का?"

"मिळाला होता, सरकार."

"मग हे काढ."

"मी लावलंय, मी काढणार नाही. तुम्हाला काढायचं तर तुम्ही काढा. पण एका घराचं काढायला जाल आणि सगळ्यांचं निघेल, हे आधीच सांगून ठेवते."

जहागीरदारांना ती धमकी वाटली. त्यांनी कमरेची कट्यार काढली, निळ्या तुकड्यावरची गाठ कापली आणि दोरा हाती येताच रागाने खस्सकन ओढला. दोरा येतच राहिला. ते ओढत राहिले. धोतर लुगड्यापासून सुटलं, लुगडं झबल्यापासून सुटलं, आणि शेवटी मेजाच्या पार त्या टोकाला त्यांची स्वतःची मखमलही सुटून बाजूला झाली.

सगळ्यांनी ठकूबाईकडे पाहिलं. ती पुढे झाली, तिने आपला तुकडा उचलून खांद्यावर टाकला.

"चादर सुटली, जेवण संपलं," ती म्हणाली, आणि चालू लागली.

तिच्यामागे कुंभाराने आपला तुकडा उचलला, मग तेलिणीने, मग शाळेच्या गुरुजींनी. पाहता पाहता अंगण रिकामं झालं. लोकांनी घरून भाकऱ्या आणि कांदे घेतले आणि हौसाच्या दारापुढे वाळूवर आपापले तुकडे शेजारी शेजारी पसरून जेवले. शिरा नव्हता, बुंदी नव्हती, तरी त्या जेवणाची चव पुढे बरीच वर्षं लोक सांगत. जहागीरदार कढया भरून बुंदी, उघडं मेज आणि एक मखमलीचा तुकडा घेऊन बसून राहिले.

पुढच्या वर्षी ठकूबाईच्या ओट्याशी कारभारी आला नाही. जहागीरदार स्वतः आले, हातात घडी केलेली मखमल घेऊन. जागा आहे का, असं त्यांनी हळूच विचारलं. ठकूबाईने टाका पुरा होईपर्यंत मान वर केली नाही.

"जागा आहे. पण यंदा सुरुवात निळ्यापासून केलीय. खाली बसा आणि कापडाखालून दोरा धरा."

जहागीरदार जमिनीवर बसले. निळं जाडंभरडं कापड त्यांच्या बोटांना टोचलं. त्यांनी दोरा धरून ठेवला, आणि ठकूबाई शिवत राहिली.

लहानांनी ऐकावं आणि मोठ्यांनी लक्षात ठेवावं असं तात्पर्य: पंगतीतून एकाला उठवायला निघालेल्याने सगळी पंगत उठून गेलेली पाहण्याची तयारी ठेवावी.