रेवडीचा नाच

फार पूर्वी एका सरदाराच्या महालात रेवडी नावाची इवलीशी कुत्री होती. धावताना तिच्या मागच्या गुडघ्याची वाटी सरकत असे. मग तो पाय उचलून ती तीन पायांवर उड्या घेई. सरदारीणबाई त्यालाच नाच समजत आणि पाहुणे आले की टाळी वाजवून तिला धावायला लावत.

पागेतला म्हातारा घोडा म्हणाला, “पोरी, हे दुखणे आहे. खाली बस, म्हणजे त्यांना कळेल.”

“बसले तर मला मांडीवर कोण घेईल, आजोबा? तुमच्यासारखी पागेत पडून राहू?”

एके दिवशी दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या सरकल्या. रेवडी भर बैठकीत कोसळली आणि कळवळून ओरडली.

“अगबाई, आता गायलाही लागली!” सरदारीणबाई कौतुकाने म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा टाळी वाजवली.