आवाज जागच्या जागी

खट्. खट्. खट्.

हा आवाज हैबती मिस्त्रीनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. वाळूचा ट्रक घाट चढत होता. इंजिनाच्या पोटातून कुणीतरी दार वाजवावं तसा तो आवाज येत होता. ड्रायव्हर म्हणाला, "वाजू दे. म्हातारा झालाय ट्रक, खोकतोय." दोन वळणं गेली, आणि एक लोखंडी दांडा इंजिनाची कूस फोडून बैलाच्या शिंगासारखा बाहेर आला. गरम ऑइल रस्ताभर सांडलं.

त्या दिवसापासून हैबतीचे कान त्या आवाजाला बांधले गेले. पुढं त्यानं चिंचणी फाट्यावर गॅरेज टाकलं. जुनी गाडी घेणारा माणूस आधी ती हैबतीच्या दारात आणायचा. हैबती डोळे मिटून ऐकायचा आणि सांगायचा, "घ्या," नाहीतर, "ज्याची आहे त्याच्याच दारात उभी करा." त्याच्या हाताखालून गेलेलं इंजिन परत येत नाही, असं सगळा तालुका म्हणायचा.

आता तो म्हातारा झाला होता. कान शाबूत होते, पण बोटं बधिर झाली होती. मुलगी एकच. म्हणून त्यानं घरजावई आणला.

तर चिंचणी फाट्यावर असा एक भोळा जावई होता. नाव सोपानराव. अंगानं रेड्यासारखा, स्वभावानं गाईसारखा. डोक्याला बिचाऱ्यानं कधी तसदी दिली नव्हती. सांगितलं ते करायचा. तेवढंच करायचा. सांगितलेलं संपलं की उभा राहायचा.

दुसरा कुणी असता तर हैबतीनं पान्हा फेकून मारला असता. पण हा पडला जावई. जावयाला अरे म्हणायची सोय नाही, तिथं गाढव कसं म्हणणार? त्यामुळं हैबतीला सगळ्या शिव्या अहो-जाहो करून द्याव्या लागत.

एकदा तानूअक्काची जीप आली. तानूअक्का वरच्या वाडीची. वाडीचं दूध खाली डेअरीला आणायची. तिचा आवाज जीपच्या आधी फाट्यावर पोचायचा. ही जीप तिनं हैबतीला न दाखवता कुणाकडून तरी जुनी घेतली होती, आणि आता ती खट् खट् करत होती.

"पोटातली बेअरिंगं गेलीत, अक्का," हैबती म्हणाला. "सगळं उघडावं लागेल."

इंजिनाच्या पोटात एक जाड, वाकडातिकडा दांडा फिरतो. त्याला क्रँक म्हणतात. त्याच्याभोवती अर्ध्या बांगडीसारखी पातळ बेअरिंगं असतात. ती झिजली की मध्ये फट पडते, आणि फट पडली की लोखंड लोखंडाला ठोकतं. दुखणं एवढंच. पण वेळेवर ऐकलं नाही तर घाटातल्या ट्रकासारखं होतं.

हैबतीनं जावयाला बाजूला घेतलं. "सोपानराव, हे इंजिन तुम्ही बांधायचं. नीट बांधलंत तर गॅरेजची किल्ली कायमची तुमच्या कमरेला. मी खाटेवर पडायला मोकळा."

"बरं, मामा."

"पहिला धडा. दुखणं कानानं ओळखायचं. हा लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या. आवाज येतो तिथं टोक टेकवा, मूठ कानाला लावा. आवाज थांबला की दुखणं गेलं समजायचं."

"बरं, मामा."

हैबती चहा सांगायला गेला. परत येऊन बघतो तर जीप बंद. तानूअक्का बाकावर बसून जीप विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती, आणि सोपानरावानं तिच्या गळ्याला स्क्रू ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावली होती.

"मिस्त्री, तुमचा जावई माझा गळा कापतोय!" अक्का ओरडली.

"मामा, आवाज इथून येतोय," सोपानराव म्हणाला. "वाढलाय."

हैबतीनं स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला. "अहो शहाणे, माणसाला हे लावतात का? माणूस बोलला की आपण मान डोलवायची. गोडीत म्हणायचं, हो हो, करू."

"हो हो, करू," सोपानराव म्हणाला, आणि त्यानं मान डोलवली.

मग इंजिन उतरवलं. क्रँक निघाला. त्याच्यावर बारीक चरे पडले होते. तो गुळगुळीत घासून आणायला हैबतीनं जावयाला रज्जाक लेथवाल्याकडं धाडलं. क्रँक घासायची मापं ठरलेली असतात, इंचाच्या हजाराव्या भागात. आधी दहा, मग वीस, मग तीस, मग चाळीस. जेवढा घासाल तेवढं जाड बेअरिंग लागतं. चाळीसच्या पुढं बेअरिंग मिळत नाही. तिथं क्रँकचं आयुष्य संपतं.

रज्जाकनं चरे बघितले. "दहाला साफ होईल. का वीस करू?"

सोपानरावानं मान डोलवली. "हो हो, करू."

"वीसच ना? का मिस्त्रीनं तीस सांगितलंय?"

"हो हो, करू."

"सोपानराव, तीस म्हणजे फार होतं. चाळीस म्हणू नका म्हणजे झालं."

"हो हो, करू."

"आणि त्याच्या पुढं सुई करून देतो, गोधड्या शिवा."

"हो हो, करू."

रज्जाकला स्वतःचीच लाज वाटली, म्हणून तो चाळीसला थांबला. क्रँक द्यायला तो जातीनं आला. "हैबतीभाई," तो म्हणाला, "हा जावई आणलाय का जॅक? जॅक बरा, निदान वजन उचलतो."

हैबतीनं क्रँक हातात घेतला. उजेडाकडं धरून पाहिला. आता त्या इंजिनाला शेवटचीच संधी उरली होती.

"सोपानराव," तो म्हणाला, "आपण थोर आहात. पण हो म्हणायच्या आधी मापावं. हा मायक्रोमीटर. जे हातात येईल ते मापायचं. इथं एक, तिथं दुसरं माप लागलं तर घ्यायचं नाही. परत पाठवायचं."

"बरं, मामा."

दुपारी जेवायला बसले. चंद्राबाईनं, म्हणजे सासूनं, जावयाच्या ताटात गरम भाकरी वाढली. सोपानरावानं खिशातून मायक्रोमीटर काढला. भाकरी काठाला मापली. मध्ये मापली. पुन्हा काठाला मापली.

"मामी, मध्ये जाड आहे. परत."

दुसरी आली. "ही काठाला जाड. परत."

तिसरी तव्यावरची होती. ती चिमट्यात धरून त्यानं फिरवून फिरवून मापली. "ही फुगलीय. हिचं मापच लागत नाही."

चंद्राबाईनं परात बाजूला सारली. ती नवऱ्याकडं वळली. "हे बघा, मुलीला स्थळं येत होती तेव्हा कानानं ऐकत होतात ना तुम्ही? आवाज आला नाही का काही?"

हैबतीनं मान खाली घालून आमटी संपवली. सोपानराव उपाशी उठला, पण माप सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी हैबतीनं स्वतः तालुक्याच्या दुकानातून चाळीसची नवी बेअरिंगं आणली. क्रँकला लावून पाहिली. बसत होती. त्याला जरा धीर आला. माणूस वाईट नाही, त्यानं मनाशी म्हटलं, फक्त त्याला नेमकं सांगायला हवं. त्यानं जावयाला समोर बसवलं आणि सावकाश बोलला.

"सोपानराव, भाकरी भाकरीच्या जागी, माप मापाच्या जागी. प्रत्येक वस्तूला तिची जागा असते. बेअरिंगांना दाबून धरणाऱ्या या कॅप बघा. सगळ्या सारख्या दिसतात, पण एक दुसरीच्या जागी चालत नाही. म्हणून मी पंच ठोकून खुणा केल्यात. खोलताना जे जिथून निघालं ते तिथंच गेलं पाहिजे. ही जागा चुकली की इंजिन मेलं."

"जे जिथून निघालं ते तिथंच," सोपानराव म्हणाला.

"बास. एवढं पाळलंत तरी मी तरलो. इंजिन होईपर्यंत मी गॅरेजात पाऊल टाकत नाही. तुम्ही आणि तुमचं इंजिन." आणि हैबतीनं आपल्या कमरेची किल्ली सोडून त्याच्या कमरेला बांधली.

घरी त्याला झोप लागेना. वाऱ्यानं खिडकी वाजली तरी तो उठून बसायचा. चंद्राबाई म्हणायची, "जाऊन बघून या की." तो म्हणायचा, "शब्द दिलाय."

शेवटी सोपानरावाचा निरोप आला. हैबती गेला. तानूअक्का आली. रज्जाकही काम टाकून आला. जीप धुऊन उभी होती. बॉनेटला हळदकुंकू लावलं होतं. सोपानरावानं नारळ फोडला आणि चावी फिरवली.

खट्. खट्. खट्. खट्.

पहिल्यापेक्षा मोठा. बॉनेटवरचं खोबरं उडून खाली पडलं.

"बंद करा!" हैबती ओरडला. इंजिन बंद झालं. "सोपानराव, कॅप?"

"खुणेप्रमाणं, मामा. एकही चुकली नाही."

सोपानराव खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. खरंच चुकली नसणार. "मग बेअरिंगं?"

"ज्याची त्याला."

"नवी ना?"

सोपानरावाला सासऱ्याची कीव आली. "मामा, नवी इथून कुठं निघाली होती? ती दुकानातून निघाली. दुकानात नेऊन ठेवली. दुकानदार नको नको म्हणत होता, पण मी ऐकलं नाही. जागा म्हणजे जागा. इथून जुनी निघाली होती, ती इथं बसवली."

रज्जाकनं तोंडात रुमाल कोंबला.

"ऑइल?" हैबतीचा आवाज आता विहिरीच्या तळातून येत होता.

"इंजिनाखालच्या चेंबरमधून निघालं, चेंबरमध्ये ओतलं. तळाला झिजलेला चुरा बसला होता, चकचकीत. तोही बोटानं पुसून परत घातला. कणभर वाया जाऊ दिला नाही."

"आणि हा आवाज, सोपानराव? हा आवाज?"

सोपानरावाची छाती फुगली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला कुणी बरोबर प्रश्न विचारला होता.

"तोही इथूनच निघाला होता, मामा. बसला जागच्या जागी!"

तानूअक्कानं कमरेला पदर खोचला. "वा, मिस्त्री! तुमच्या हाताखालून गेलेलं इंजिन परत येत नाही म्हणतात. हे तर गेलंच नाही की कुठं. वाडीचं दूध आता तुमच्या जावयाच्या डोक्यावर आणू काय? डोकं रिकामंच आहे, कॅन मावतील!"

हैबतीनं तोंड उघडलं. काहीतरी सांगावं, समजवावं, शिकवावं असं त्याच्या ओठांवर आलं. मग त्याला अक्काचा गळा आठवला. क्रँक आठवला. भाकरी आठवली. त्यानं तोंड मिटलं.

तो पुढं झाला आणि सोपानरावाच्या कमरेची किल्ली सोडू लागला. बधिर बोटांना गाठ सुटेना. सोपानरावानं हात वर धरले, म्हणजे मामांना सोपं जावं. किल्ली सुटली. हैबतीनं ती मुठीत धरली आणि तो तालुक्याच्या दुकानाच्या वाटेला लागला.

"अक्का, बघा," सोपानराव हळूच म्हणाला. "मामांचा आवाज थांबला. दुखणं गेलं."

अक्का वळून पाहू लागली. हैबती मिस्त्री वळणाआड गेला होता, एक शब्द न बोलता.