राजाची वीतभर गोधडी

"एका गोधडीचे पाच रुपये? लूट आहे ही, महाराज! दिवसाढवळ्या लूट!"

कारभारी धोंडोपंत असे ओरडत दरबारात शिरले, की दारावरचा भालदार ललकारी विसरला. त्यांच्या मागून येसू आली. काखेत गोधडीची गुंडाळी, आणि चेहरा अगदी शांत.

त्याचं असं झालं होतं. कारभाऱ्यांची लेक सासरी निघाली होती आणि तिच्यासाठी गोधडी हवी होती. देवरखेडात रीत अशी, की जुनी लुगडी शिवणारीच्या घरी टाकायची आणि महिन्याने एक नारळ नि एक खण तिच्या ओटीत घालून गोधडी उचलायची. येसूच्या टाक्यांना पंचक्रोशीत तोड नव्हती, त्यामुळे तिच्या घरी नारळांची रास पडली होती. पण नारळ देऊन वाणी काही ज्वारी देत नाही! खोबरं खाऊन खाऊन घरादाराला खोकला लागला, तेव्हा तिने कानातली फुलं मोडली, भर पेठेत पाल ठोकलं आणि भाव सांगितला: पाच रुपये. अख्खा गाव बघायला आला. घ्यायला मात्र कुणी नाही!

"कापड कुणाचं?" राजे भुजंगरावांनी विचारलं.

"कारभारीणबाईंची जुनी लुगडी, महाराज."

"दोऱ्याला किती पडले?"

"दोन आणे."

"मग बाकीचे कशाचे?"

"हातांचे. महिनाभराचे."

"हातांचे?" राजे उसळले. "अगं, हात देवाने सगळ्यांनाच फुकट दिलेत! सुई खाली, सुई वर, त्यात काय मोठं? कुणीही करील!"

भुजंगराव मनाने वाईट नव्हते, पण हट्टी असे की विचारू नका. एकदा चुकून आंब्याला फणस म्हणाले, तर मोसम संपेपर्यंत सगळा दरबार आंब्याला फणस म्हणत होता.

"ऐक, पोरी," राजे म्हणाले. "उद्या दिवस मावळायच्या आत, हाताच्या कामाचं मोल पाच रुपयांहून जास्त असतं, असं मी माझ्या तोंडाने म्हणालो, तर तुझा भाव खरा. नाहीतर पाल उखडायचं आणि जन्मभर नारळावर शिवायचं! आणि हो, गोधडीची तारीफ करायची नाही. एक शब्दसुद्धा नाही!"

येसूची फुलं तर गेलीच होती, आता पालही जाणार! पण ती मुजरा करून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती हजर. हातात त्याच जुन्या लुगड्यांच्या उरलेल्या चिंध्यांचे थर लावलेला वीतभर चौकोन, एक सुई आणि दोऱ्याची गुंडी.

"महाराज, कुणीही करील म्हणालात. एवढी वीतभर गोधडी शिवून दाखवा, मी आत्ताच्या आत्ता पाल उखडते."

"एवढंच? आण इकडे!"

सुईत दोरा ओवायलाच अर्धी घटका गेली. राजांनी दोरा थुंकीने ओला केला, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, मग चुकून दोन्ही मिटले. शेवटी सुई कारभाऱ्यांनी धरली, दोरा राजांनी धरला आणि दोघांनी श्वास रोखला. एकदाचा दोरा गेला!

मग टाके. एक टाका मुंगीएवढा, दुसरा बैलाएवढा. बोटाला सुई टोचली, राजे "आई गं" म्हणाले आणि दरबाराने काही ऐकलंच नाही. जेवणाची वेळ टळली. मान अवघडली. तिसरा प्रहर झाला तेव्हा कुठे शेवटची गाठ बसली.

"झाली!" राजे ताडकन उठले. गोधडीही त्यांच्याबरोबर उठली! राजांनी ती मांडीवर ठेवून पितांबरासकट शिवली होती.

येसूने हसू गिळलं, कात्रीने पितांबर सोडवलं आणि तुकडा उजेडात धरला.

"महाराज, हा पेठेत नेते. एका पैशाला देऊन टाकू ना?"

"एका पैशाला?" राजे गरजले. "तीनदा बोट टोचलंय माझं! मान बघ, वळत नाही! उपाशी बसून शिवलीय मी ती! शंभर रुपये दिले कुणी, तरी देणार नाही!"

"पण कापड तर कारभारीणबाईंच्या जुन्या लुगड्यांचंच आहे," येसू म्हणाली. "मग हे शंभर रुपये कशाचे, महाराज?"

राजांनी टोचलेलं बोट तोंडात घातलं.

"आणि माझ्या गोधडीत अशा पन्नास विती आहेत. मी पाचच रुपये मागते."

कारभारी पुढे सरसावले. "ते राजांचे हात आहेत! त्यांचं मोल वेगळं!"

"गप्प बसा, पंत!" राजे मान चोळत म्हणाले. "मान माझी दुखतेय, तुमची नाही. हिचं खरं आहे. पोरी, गोधडीचे पन्नास रुपये घे!"

"नको, महाराज. पन्नास म्हटलं तर फक्त राजवाडा घेईल. पाचाला सगळी पेठ घेईल."

"बरं, मग बक्षीस माग. काय हवं?"

"हा तुकडा द्या. पालावर टांगते."

"वेडी आहेस का? माझे वाकडे टाके बघून लोक हसतील!"

"हसायला का होईना, येतील तर खरे! शेजारीच माझी गोधडी टांगलेली असेल. मग मला तारीफ करायला तोंडच उघडावं लागणार नाही, महाराज!"

राजे असे हसले, की अवघडलेली मान धरून त्यांना सिंहासनावर बसावं लागलं.

"टांग, टांग! पंत, हिला पेठेच्या तोंडाशी पक्कं दुकान बांधून द्या. आणि पोरी, त्या तुकड्याखाली मोठ्या अक्षरांत लिहून ठेव: महाराजांचा पहिलाच प्रयत्न!"