देसायांना आलेली जाग

मानाजी देसायांनी ऐन पुरात गणू नावाड्याला होडी पाण्यात लोटायला लावली. कशासाठी म्हणाल, तर पलीकडच्या काठावर राहिलेला त्यांचा शिकारी कुत्रा आणायला. कुत्रा दुसऱ्या दिवशी आपला आपण पोहत आला. गणूचं प्रेत तिसऱ्या दिवशी सापडलं.

दरबारात देसाई म्हणाले, "महाराज, त्या सकाळी वैद्याने डोकेदुखीवर उपाय म्हणून माझ्यावर मोहिनी घातली होती. मोहिनीतला माणूस म्हणजे कळसूत्री बाहुली! हुकूम माझ्या तोंडून निघाला, पण होता या वैद्याचा."

वैद्यबुवा बेड्यांत उभे होते. "मोहिनीत माणूस मनाविरुद्ध काही करत नाही हो," असं पुन्हापुन्हा सांगत होते. दरबार हसत होता. त्यांना सुळावर द्यायचं जवळजवळ ठरलंच होतं.

तेवढ्यात गणूची विधवा साळू पुढे आली. "महाराज, बुवांना इथंच मोहिनी घालू द्या. हुकूम काय द्यायचा ते मी सांगते."

देसायांनी खुशीने डोळे मिटले. वैद्यबुवा हळू आवाजात बोलत राहिले, तशी देसायांची मान छातीवर कलली. मग साळूने सांगितलेला हुकूम बुवांनी उच्चारला, "देसाई, पगडी उतरवा आणि साळूच्या पायांवर ठेवा."

देसाई ताडकन उठले. "माझी पगडी? हिच्या पायांवर?"

साळू म्हणाली, "पगडी जाते म्हटल्यावर लगेच जाग आली, सरकार. माझा माणूस जाताना कशी नाही आली?"

आता कुणी हसलं नाही. वैद्यबुवांच्या बेड्या देसायांच्या पायांत पडल्या.

साळू घाटावर परतली. तिथे तो कुत्रा पाण्याकडे तोंड करून बसला होता.