ओला काठ

त्या राज्यात चिखलाला फार मान होता. रात्री पाण्यावर कोण येऊन गेलं ते सकाळी काठावर उमटलेलं असे, आणि ज्या हरणाला ते वाचता येई, ते संध्याकाळ बघत असे. म्हणून पाडसांना पहिल्याच वर्षी काठावरच्या शाळेत घालत.

शाळा मात्र भरे कोरड्या काठावर. तिथे कुण्या जुन्या काळचे ठसे उन्हात वाळून विटेसारखे पक्के झाले होते. शिक्षक पुढे म्हणत, पाडसं मागून म्हणत: ससा आला, पाणी प्याला; मोर आला, नाचून गेला. बघता बघता सगळा काठ तोंडपाठ. आईबापांना धन्य वाटे. खुरांना चिखल लागायला नको आणि वर घडाघडा वाचन. आणखी काय हवं?

चांदणबाई ही तिथली जुनी शिक्षिका. दोन पिढ्या तिने याच सुरात शिकवल्या होत्या. मग एका सकाळी तिच्या वर्गातलं सगळ्यात हुशार, खणखणीत आवाजाचं पाडस 'ससा आला, पाणी प्याला' म्हणत ओल्या काठाने गवतात शिरलं, ते परत आलंच नाही. त्याच्या पायाखाली बिबट्याचे ठसे होते. कळप म्हणाला, नशीब एकेकाचं. चांदणबाईला ते पटेना. तिला चारा गोड लागेना. त्याला मीच शिकवलं होतं, असं ती ज्याला त्याला सांगत सुटली, तशी मंडळी तिला टाळू लागली.

बोभाटा फार झाला तेव्हा कळपाच्या प्रमुखांनी, ज्यांना सगळे थोरले म्हणत, फर्मान काढलं. यापुढे कपाळावर गेरूचा टिळा असेल त्यानेच शिकवायचं. टिळ्यासाठी पलीकडच्या काठावर टिटवीकडे प्रशिक्षण घ्यायचं आणि मग थोरल्यांपुढे आपल्या पाडसांची परीक्षा द्यायची. टिळा नाही मिळाला तर खुशाल चरायला जावं.

टिटवी म्हातारी आणि फटकळ. तिने शिक्षकांना वाळूत नेलं, खेकड्यांच्या आणि किड्यांच्या नक्षीपुढे उभं केलं आणि वाचायला सांगितलं. कुणाला ओ की ठो कळेना. गुंजाराम मास्तर म्हणजे घोकंपट्टीतलं मोठं नाव; त्यांनी अंदाजाने 'ससा' म्हणून बघितलं. टिटवी हसलीसुद्धा नाही. हजेरी लागली की झालं, असं म्हणून मास्तर मग सावलीत डुलक्या काढू लागले. चांदणबाई रडकुंडीला आली, पण जागची हलली नाही. न कळणाऱ्या वळणांपुढे पाडसाचा जीव कसा होत असेल, ते तिला या वयात कळत होतं. तिची ती अवस्था झाल्यावरच टिटवीने एकेक भाग सुटा करून दाखवला. बोटं किती, दाब कुठे, तोंड कुठल्या दिशेला. हे सगळं जुळवायचं आणि मगच नाव घ्यायचं.

परतल्यावर चांदणबाईने वर्ग थेट ओल्या काठावर नेला. आठवडा गेला तरी पाडसं एकाच पंजाशी अडलेली. आया कुरकुरल्या. मास्तरांची पोरं अख्खा काठ म्हणतात आणि आमची अजून बोटंच मोजताहेत, बाईंना तिकडे काय शिकवलं कोण जाणे! एकेकीने आपलं पाडस काढून नेलं. मूठभर उरली, त्यांतली भुरकी तर प्रत्येक ठशाशी अडखळे. टिटवीचा नाद सोड, शाळा हातची जाईल, असं बहिणीने बजावलं. जाईना का, म्हणाली चांदणबाई, या उरलेल्यांना तरी वाचता येईल.

परीक्षेला सगळा कळप लोटला. मास्तरांच्या वर्गाने कोरडा काठ एका दमात म्हणून दाखवला आणि थोरल्यांनी मान डोलावली. चांदणबाईची पाडसं पाण्याकडे वळली, तेव्हा नाकं मुरडत मंडळी मागून गेली. भुरकी पुढे झाली आणि खाली वाकली.

"चार बोटं," ती म्हणाली. "नखं नाहीत. तोंड... तोंड आपल्या गवताकडे."

मागे खसखस पिकली. थोरल्यांनी पाय आपटला. "नाव सांग, नाव!"

भुरकीने ठशात अजून साचत असलेलं गढूळ पाणी निरखून पाहिलं. "नाव पळता पळता सांगते," ती म्हणाली आणि शेपटी उभारून सुटली.

मग पळापळ काय वर्णावी! गवतातून बिबट्या झेपावला तो रिकाम्या जागेवर. त्या दिवशी कळपातलं कुणीही कमी झालं नाही.

दुसऱ्या सकाळी थोरले टिळा लावायला नाकाला गेरू माखून स्वतः ओल्या काठावर आले. सोबत सगळी मंडळी, काढून नेलेली पाडसंही. चांदणबाईने मान वाकवली नाही, कारण वर्ग चालू होता. कालचं सगळं काठभर उमटलं होतं आणि भुरकी ते वाचत होती.

"ही माझी उडी. ही आई. हे घसरले आणि उठले, म्हणजे गुंजाराम मास्तर." मंडळी हसली. "आणि हे मोठे खूर सगळ्यांच्या आधी पळालेत. यांच्यावर बाकीच्यांचे पाय पडलेत, म्हणजे पहिले हेच."

एवढ्यात तिला शेजारी हुबेहूब तसाच एक ताजा ठसा दिसला. तिने हळूहळू नजर वर नेली. थोरल्यांनी पाय मागे घेतला. तिथेही चिखलच होता. नाकावरचा गेरू ठिबकू लागला.

"थांबू नकोस," चांदणबाई म्हणाली. "कुणाचे, तेही वाच."