बांधलेल्या तोंडांचा मळा

एका राज्यात कोकोची झाडे होती. ज्याच्या बियांचे आज चॉकलेट होते, तेच झाड. पण त्या राज्यात वड्या नव्हत्या, चमचमते कागद नव्हते. बिया भाजायच्या, पाट्यावर वाटायच्या, गरम पाणी आणि मिरची घालायची, आणि एका घागरीतून दुसऱ्या घागरीत उंचावरून धार धरायची, की वर दाट फेस येई. राजा भद्रसेन सकाळी उठून आधी ते पेय पिई, मग देवाचे नाव घेई. क्रम चुकीचा होता, पण सांगणार कोण.

कोकोचे फळ फोडले की बियांभोवती पांढरा, गोड गर असतो. मळ्यातली माणसे फळे फोडता फोडता एखादी बी तोंडात टाकत, गर चोखत आणि बी पुन्हा राशीत टाकत. ही गोष्ट राजाच्या कानी गेली.

"म्हणजे मी रोज उष्टं पितो?" राजा म्हणाला.

त्याने फर्मान काढले. मळणीच्या बैलाच्या तोंडाला बांधतात तशी मुसकी मळ्यातल्या बायाबापड्यांच्या तोंडाला बांधली गेली. बिया नदीत खळखळून धुतल्या जाऊ लागल्या. अगदी शुद्ध, सोवळ्या. तेव्हापासून पेयाची चव गेली. राजाने मिरची वाढवली.

मग मळ्यातले सर्वांत जुने झाड बोलले. कोणाला नवल वाटले नाही. त्या राज्यात माणसांना बोलायची बंदी होती, झाडांना नव्हती.

"भद्रसेना, तू माझ्या माणसांची तोंडं बांधलीस. तुझ्या घरचं एक तोंड कायमचं बंद होईल."

राजकन्या कुमुदिनी अंगणात उभी होती, ती तिथेच रुजली. पायांची मुळे झाली, पोटऱ्यांवर साल चढली. कोकोचे फूल फांदीच्या टोकाला येत नाही, थेट खोडावर येते. तिच्या गुडघ्यावर तशी बारीक फुले आली.

"आई, खाज येते गं," ती म्हणाली.

राजवैद्य आले, लेप लावून गेले. साल वर चढतच होती. ओठांपर्यंत पोचली की संपले, हे सर्वांना कळत होते.

राणी हेमांगीच्या खिडकीत एक साळुंकी येऊन बसली.

"राणीसाहेब, रडून झालं असेल तर सांगते."

"मी रडत नाहीये. सांग."

"तीन फळं आणा. डोंगरावरच्या नाजूक झाडाचं, ज्याची बी पांढरी. दरीतल्या राकट झाडाचं, ज्याची बी जांभळी. आणि तिसरं त्या दोघांच्या लेकराचं, ते तुमच्याच मळ्यात आहे. तिन्हींचं मिळून पेय करा. पण पहिला घोट राजाचा नव्हे."

"मग कोणाचा?"

"ते वाटेत कळेल. नाही कळलं, तर जन्मभर मुलीला पाणी घालत बसा."

राणी डोंगरावर गेली. पांढऱ्या बियांच्या झाडाखाली एक मांत्रिक बसला होता. वाऱ्याने आजारी पडावे इतके ते झाड नाजूक.

"फळ खुशाल ने," मांत्रिक म्हणाला. "पण देठाशी झाडाचा डोळा आहे. तो दुखावला तर तिथे पुन्हा फूल येत नाही. आणि जो घाव इथे, तोच तुझ्या मुलीच्या अंगावर."

राणीने फळ पिरगाळायला हात घातला होता, तो मागे घेतला. कोयती मागितली. देठाचा तुकडा खोडाला राखून फळ अलगद उतरवले.

"राजघराण्यात असे हात नसतात," मांत्रिक म्हणाला.

"मी तिथे लग्न करून आले," राणी म्हणाली.

दरीत जांभळ्या बियांच्या झाडापाशी राक्षस होता. त्याच्या हातात मुसके होते.

"हे बांध. टोपली भर. वर चढ."

राणीने मुसके बांधले. फळांनी भरलेली टोपली डोक्यावर घेतली, दोन्ही हात तिला धरण्यात गुंतले. ओठांवर माशी बसली, ती हाकलता येईना. तहान लागली, सांगता येईना. माथ्यावर राक्षसाने गाठ सोडली.

"काय हवं?"

"पाणी."

"बघ, आता मागता आलं," राक्षस म्हणाला आणि त्याने पाणी दिले.

राणी आपल्या मळ्यात आली. तिसऱ्या झाडाला बापाचा काटकपणा आणि आईचा सुवास होता. झाडाखाली येसाई नावाची म्हातारी फळे फोडत होती, तोंड बांधलेले. राणी तिच्या मुसक्याची गाठ सोडू लागली.

पहारेकरी आडवा आला. "राणीसाहेब, राजाज्ञा आहे."

"राजाज्ञा माझ्या शेजारी रोज घोरते. तू मला तिची ओळख करून देऊ नकोस."

गाठ सुटली. येसाईने जबडा हलवून पाहिला, फळ फोडले, एक बी चोखली.

"गोड आहे," ती म्हणाली. "विसरले होते."

राणीने तिन्ही झाडांच्या निम्म्या बिया गरासकट येसाईपाशी ठेवल्या, निम्म्या वाड्यावर नेल्या. वाड्यावर राजाने नेहमीसारख्या बिया धुवायला लावल्या, वाळवल्या, पेय केले. फेस आला. चव आली नाही. साल कुमुदिनीच्या हनुवटीला लागली.

"धुतल्यात ना?" साळुंकी म्हणाली. "गर धुतला की बी मुकी होते. आयुष्यभर सोवळं केलंत, एकदा नाक वापरा."

राणी मळ्याकडे धावली. येसाईने आपल्या वाटच्या बिया गरासकट केळीच्या पानांखाली राशीत झाकल्या होत्या. रास आतून तापली होती. आधी आंबट वास सुटला होता, मग उलथापालथ केल्यावर मधासारखा. मग त्या बिया उन्हात सुकल्या होत्या. राणीने त्या भाजल्या, स्वतः पाट्यावर वाटल्या. अंगणात धार धरली तेव्हा मळ्यातली बाकी सगळी माणसे तोंडे बांधून भोवती उभी होती.

राजाने पेला उचलला. राणीने त्याचा हात धरला.

"आधी गाठी सोडा. तुम्ही. स्वतःच्या हातानं."

राजा एकेकासमोर गेला. गाठी घट्ट होत्या, नखे दुखली. पेला सर्वांच्या हातून फिरला आणि तळाशी घोटभर उरला.

"आता तुम्ही," राणी म्हणाली.

"हे उष्टं आहे."

"हो."

राजाने लेकीकडे पाहिले. साल खालच्या ओठावर आली होती. एक भुंगा आला, कुमुदिनीच्या खांद्यावरच्या फुलावर बसला, तिला हाकलता येईना. मग राजा प्यायला.

साल सोलून पडली, लसणीचे पापुद्रे पडावेत तशी. कुमुदिनीने आधी भुंगा हाकलला. मग बापाच्या हातून पेला घेऊन तळ चाटला.

"कडू आहे," ती म्हणाली. "गूळ घाला."

घातला. पुढे त्या राज्यात कोकोची पहिली बी ती काढणाऱ्याच्या तोंडी जाई आणि शेवटचा घोट राजाला मिळे. मुसकी बैलांनाही मिळाली नाहीत. येसाईने ती चुलीत घातली होती.