ठुमी मुंगीची बुंदी

एक होती मुंगी. नाव तिचं ठुमी. ठुमीचं घर इंदूकाकूच्या स्वयंपाकघरात, भिंतीच्या फटीत.

आज दसरा होता. ठुमीकडे पाहुणे आले होते. अंगणातल्या आंब्यावरचे मुंगळेमामा. सहाच्या सहा पाय मुडपून त्यांनी मांडी घातली होती. पुढ्यात चिंचेचं एक पान. पानात काहीच नव्हतं.

"बसा हं मामा," ठुमी म्हणाली. "आत्ता वाढते."

तिकडे इंदूकाकूने लाडू फोडला. एक बुंदी उडाली. टप्प. ठुमीने ती डोक्यावर घेतली आणि निघाली. तुरु तुरु तुरु. वाटेत बुंदी घसरली. गड गड गड. गेली पाटाखाली.

पाटावर बसले होते काकूचे पाहुणे, वामनमामा. चांगले गोलमटोल. ते जरा हलले. पाट दबला. कुईं. बुंदी अडकली.

ठुमी म्हणाली, "पाटदादा, पाटदादा, जरा सरकता का?
बुंदी माझी पाटाखाली.
घरी पाहुणे उपाशी, त्यांना वाढू काय?"

पाट म्हणाला, "आधी मामा उठतील, मग मी सरकेन. जेवत्या माणसाचा पाट ओढायचा नसतो."

ठुमी चढली मामांच्या गुडघ्यावर. तुरु तुरु तुरु.

"वामनमामा, वामनमामा, जरा उठता का?
बुंदी माझी पाटाखाली,
पाट काही सरकेना.
घरी पाहुणे उपाशी, त्यांना वाढू काय?"

मामांचे गाल फुगले होते. आत खीर होती. त्यांनी ती गिळली. गट्ट.

"आधी द्रोण सरेल, मग मी उठेन," मामा म्हणाले. "मी पुरे म्हणतोय, पण पानात टाकून उठायचं नसतं."

ठुमी गेली द्रोणाकडे. तुरु तुरु तुरु.

"द्रोणबाळा, द्रोणबाळा, जरा सरतोस का?
बुंदी माझी पाटाखाली,
पाट काही सरकेना,
मामा काही उठेनात.
घरी पाहुणे उपाशी, त्यांना वाढू काय?"

द्रोण म्हणाला, "आधी पळी थांबेल, मग मी सरेन. मामा एक घोट घेतात. पळी दोन घोट ओतते. बुडालोय मी."

ठुमीने वर पाहिलं. पळी आलीच. डुब्बुक. सुर्र.

"पळीताई, पळीताई, जरा थांबतेस का?
बुंदी माझी पाटाखाली,
पाट काही सरकेना,
मामा काही उठेनात,
द्रोण काही सरेना.
घरी पाहुणे उपाशी, त्यांना वाढू काय?"

पळी म्हणाली, "आधी काकू ऐकेल, मग मी थांबेन. मी तिच्या हातात आहे. ती माझ्या हातात नाही."

ठुमी चढली काकूच्या पदरावर. तुरु तुरु तुरु.

"इंदूकाकू, इंदूकाकू, जरा ऐकतेस का?
बुंदी माझी पाटाखाली,
पाट काही सरकेना,
मामा काही उठेनात,
द्रोण काही सरेना,
पळी काही थांबेना.
घरी पाहुणे उपाशी, त्यांना वाढू काय?"

काकू म्हणाली, "आधी पातेलं संपेल, मग मी ऐकेन. सणाची खीर उरवायची नसते."

"पण मामा पुरे म्हणतात," ठुमी म्हणाली.

"पाहुणे पुरे म्हणतातच. ते तसंच म्हणायचं असतं."

आणि डुब्बुक. सुर्र.

ठुमी गेली पातेल्याकडे. तुरु तुरु तुरु.

"पातेलेआजोबा, पातेलेआजोबा, जरा संपता का?
बुंदी माझी पाटाखाली,
पाट काही सरकेना,
मामा काही उठेनात,
द्रोण काही सरेना,
पळी काही थांबेना,
काकू काही ऐकेना.
घरी पाहुणे उपाशी, त्यांना वाढू काय?"

पातेलं म्हणालं, "आधी डबा बसेल, मग मी संपेन. तो बघ, आलाच."

खण खण खण. मागच्या दारातून डबा पळत आला. त्याने पातेल्यात खीर ओतली. भस्स.

"डबेराव, डबेराव, जरा बसता का?
बुंदी माझी पाटाखाली,
पाट काही सरकेना,
मामा काही उठेनात,
द्रोण काही सरेना,
पळी काही थांबेना,
काकू काही ऐकेना,
पातेलं काही संपेना.
घरी पाहुणे उपाशी, त्यांना वाढू काय?"

डबा धापा टाकत म्हणाला, "कसा बसू? शेजारच्या गोदाक्का खीर भरून मला इकडे पाठवतात. काकू खीर भरून तिकडे पाठवते. रिकामा डबा पाठवायचा नसतो ना. सकाळपासून पळतोय. मी मुळात कुणाच्या घरचा, तेच विसरलो. आधी गोदाक्का पुरे म्हणतील, मग मी बसेन."

काकूने डबा भरला. ठुमी झाकणावर बसली. खण खण खण. दोघं गोदाक्कांच्या घरी.

गोदाक्कांचा हात दुखत होता. एका हाताने त्या दुसरा हात चेपत होत्या.

"गोदाक्का, गोदाक्का, जरा पुरे म्हणता का?
बुंदी माझी पाटाखाली,
पाट काही सरकेना,
मामा काही उठेनात,
द्रोण काही सरेना,
पळी काही थांबेना,
काकू काही ऐकेना,
पातेलं काही संपेना,
डबा काही बसेना.
घरी पाहुणे उपाशी, त्यांना वाढू काय?"

गोदाक्का म्हणाल्या, "मी कशी पुरे म्हणू गं? डबा रिकामा कसा धाडू? चिमूटभर तरी काही घालावंच लागतं."

"चिमूटभर म्हणजे केवढं?" ठुमीने विचारलं.

"चिमूटभर म्हणजे एवढंसं."

"माझ्याएवढं?"

गोदाक्कांनी चष्मा लावला. वाकून पाहिलं. "हो गं. अगदी तुझ्याएवढं."

"मग मलाच घाला."

गोदाक्कांनी डबा रिकामा केला, पुसला. ठुमी आत बसली. टुप. गोदाक्कांनी झाकण लावलं आणि त्या म्हणाल्या, "पुरे बाई."

खण खण खण. डबा इंदूकाकूकडे आला. काकूने झाकण उघडलं. आत खीर नाही. आत ठुमी.

"गोदाक्कांनी मला पाठवलंय, आणि पुरे म्हणाल्यात," ठुमी म्हणाली.

काकूने डब्यात पाहिलं. पातेल्यात पाहिलं. मुंगी काही खिरीत ओतता येईना. तिने ठुमीला हळूच खाली ठेवलं.

मग डबा बसला. बसला तो तिथेच घोरायला लागला.
डबा बसला, पातेलं संपलं. खर्र खर्र.
पातेलं संपलं, काकूने ऐकलं.
काकूने ऐकलं, पळी थांबली.
पळी थांबली, द्रोण सरला. सुर्र.
द्रोण सरला, मामा उठले. ढॅर्र.
मामा उठले, पाट सरकला. कुईं.
आणि गड गड गड, बुंदी आली बाहेर.

ठुमीने बुंदी डोक्यावर घेतली. या खेपेला घट्ट धरली. तुरु तुरु तुरु, थेट घरी.

मुंगळेमामा अजून मांडी घालून बसले होते. बसून बसून त्यांच्या सहाही पायांना मुंग्या आल्या होत्या.

ठुमीने बुंदी फोडली. पानात वाढली. मामांनी खाल्ली.

"पुरे, ठुमी," मामा म्हणाले.

"एवढीशीच घ्या, मामा."

मामांनी खाल्ली. "आता खरंच पुरे."

"पाहुणे पुरे म्हणतातच," ठुमी म्हणाली. "ते तसंच म्हणायचं असतं."

मामांनी सहाही पायांनी पान झाकलं. वाढायला जागाच नाही. मग ठुमीने काय केलं? मामांच्या डोक्यावर वाढलं. टप्प.

मामा खदखदा हसले. डोक्यावरचा तुकडा त्यांनी काढला. मग ठुमीकडे पाहिलं. सकाळपासून ठुमी पळत होती. तिला कुणी जेवलीस का म्हणून विचारलंच नव्हतं.

"आ कर," मामा म्हणाले. त्यांनी ठुमीला घास भरवला. बुंदी गोड होती. खूप गोड.

"पुरे, मामा," ठुमी म्हणाली.

"तसंच म्हणायचं असतं," मामा म्हणाले, आणि त्यांनी दुसरा घास भरवला.

बुंदी गेली पोटात, गोष्ट गेली कानात. सांगा बरं, आणखी एवढीशी वाढू का?